सात नाही, एक

हे मी इतकी वर्षं टाळलं. अनुबाईंबद्दल बोललोच नाही असं नाही. त्यांच्या रंगांबद्दल बोललो, भाकरीला लोणी लावताना त्या कडेपर्यंत कसं पसरवायच्या ते सांगितलं, नातवंडांपुढे त्यांच्या मराठीच्या नकलाही केल्या. कोणी विचारलं, मग त्या इथून का गेल्या, तर माझं उत्तर ठरलेलं असायचं : तब्येत. हवा मानवली नाही. खरं तर उजनी धरणाच्या पाण्याकाठची हवा त्यांना इतकी मानवली होती की इथंच मरायचं असं त्यांनी माझ्या आईजवळ बोलून ठेवलं होतं. हवेवर ढकललं की कोणाचं नाव घ्यावं लागत नाही, आणि सगळ्यात आधी स्वतःचं घ्यावं लागत नाही.

आता लिहायला बसलो त्याला कारण घडलं. गेल्या महिन्यात बारामतीत अनुबाईंच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चित्रं मुंबईहून आली, भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लावला, फोटोला हार घातला. भाषणाला माझे दाजी उभे राहिले, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आता त्यांचं वय झालंय, पांढरा कडक सदरा असतो, लोक वाकून नमस्कार करतात. ते म्हणाले, "आमच्या भागातल्या साध्याभोळ्या माणसांनी या परदेशी माउलीला कधी परकं मानलं नाही. लोक रांगा लावून तिच्या दर्शनाला जायचे. ती रांग मी स्वतः उभं राहून लावलेली आहे." टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या ओळीत बसलो होतो. मीही टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना माझे हात मलाच तोडून टाकावेसे वाटतात, पण वाजवल्या हे खरं आहे. ती रांग कसली होती हे त्या सभागृहात दोघांनाच माहीत होतं. एक ती लावणारा. दुसरा मी, ज्याच्या तोंडामुळे ती लागली.

आमचं घर वरकुट्याचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी कळप विकून पाइपलाइन केली आणि रान भिजवायला घेतलं, तरी आईनं दाराशी चार मेंढ्या ठेवल्याच. त्यांच्या खाकरण्यानं आम्हाला जाग यायची. घरात बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे आणि उन्हाळ्यात चिलापी मासा. धरण झाल्यावर आमच्या ताटात हा मासा नव्यानं आला. आई तो झणझणीत करायची, पण स्वतः खायची नाही. तिचं माहेर त्या धरणाच्या पाण्याखाली होतं. "माझ्या चुलीवरनं पवून आल्याला मासा म्या कसा खाऊ," म्हणायची, आणि आम्हाला आग्रहानं वाढायची.

मी बारामतीत बोर्ड रंगवायचो. एस.टी. स्टँडजवळ पत्र्याची टपरी होती. आठवड्यातले बरेच दिवस बहिणीकडे राहायचो आणि बाजाराच्या दिवशी घरी जायचो. दुकानांच्या पाट्या, खतांच्या जाहिराती, लग्नाच्या गाडीवर नावं, सगळं करायचो. पण माझा हात आकड्यांत होता. त्या दिवसांत नव्या गाड्यांना एम.एच. बाराच्या पाट्या सुरू झाल्या होत्या आणि लोक मोटरसायकल घेऊन माझ्याच टपरीवर थांबायचे. चुन्यानं आखायचं, डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं, श्वास रोखून एका दमात आकडा ओढायचा. माझा आठ लांबून ओळखू यायचा. याचा मला माज होता. पंचविशीचा झालो होतो, मिशी होती, पण मोठा झालो नव्हतो. आता ही कामं फ्लेक्सवाल्यांनी नेली. त्याचं मला दुःख नाही. माझ्या हातच्या आकड्यांनी जगात काही चांगलं केलं असं मला वाटत नाही.

अनुबाई त्या टपरीवरच पहिल्यांदा आल्या. जवसाचं तेल शोधत होत्या. गोऱ्या, बुटक्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, आणि मार्चच्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचा झब्बा. मी एका राजदूत मोटरसायकलची पाटी रंगवत होतो. त्या बाजूला उभ्या राहून सगळे आकडे होईपर्यंत बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तू हात बरोबर टेकते." मराठी त्या मुंबईत शिकल्या होत्या, त्यात तो आणि ती एकमेकांच्या जागी जायचे. टपरीवरची पोरं हसली. मीही हसलो. त्या पण हसल्या, आणि विचारलं, "चौकटीला कापड ताणून खिळे मारता येते?"

त्यांचं खरं नाव हान्ना. माझ्या आईनं पहिल्या भेटीत त्याचं अनुबाई केलं आणि तेच राहिलं. त्या ज्यू, हंगेरीच्या. लढाई संपल्यावर घरातलं कोणी उरलं नाही. एक काका आधीच मुंबईला पळून येऊन दात काढायचा दवाखाना चालवत होता, त्याच्याकडे त्या आल्या. तिथं शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही, चित्रं काढली. त्यांच्या एका विद्यार्थिनीचं सासर आमच्या भागात होतं. तिनं पाण्याकाठच्या टेकाडावरची दोन खोल्यांची जागा म्हातारपणी त्यांना राहायला दिली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की चिखलातून जुन्या गावांची जोती, उंबरे, दगडी रांजण वर यायचे. अनुबाई तेच काढायच्या. भिंती नसलेलं घर, नुसता उंबरा, त्याच्या आत-बाहेर सारखंच पाणी. मी एकदा विचारलं, यात माणसं का नाहीत? "माणसं येते," त्या म्हणाल्या. "थांब थोडी."

आई त्यांच्याकडे भाकरी घेऊन जायची. एकदा चित्रापुढे उभी राहिली आणि पदर तोंडाला लावला. "ह्यो आमच्या मामाचा उंबरा हाय," म्हणाली. "कोपरा तुटल्याला बगा. बैलानं तोडला व्हता." अनुबाईंनी ब्रश खाली ठेवला आणि बैलाची सगळी गोष्ट ऐकून घेतली. त्या दिवसापासून आई पाण्याकाठी त्यांच्याबरोबर जाऊन बसायला लागली. कुठलं जोतं कोणाचं ते सांगायची. तिच्या माहेरची माणसं अशी त्या चित्रांत आली.

त्यांच्या हातावरचा आकडा पहिल्यांदा आईनंच बघितला. अनुबाई पाण्यात ब्रश धूत होत्या, रंग दंडापर्यंत उडाला म्हणून बाही वर घेतली. मी खिळे मारत होतो. आईनं स्वतःचा हात पुढे केला. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, विंचू आणि माझ्या आजीचं नाव गोंदलेलं होतं. "तुमीबी गोंदलंय व्हय अनुबाई? आन् आकडं का वो? फुलं न्हाय मिळाली?"

"मी नाही गोंदली," अनुबाई म्हणाल्या. "त्यांनी. सगळ्यांना. मोजायला."

"मेंढरावानी?"

"हो. तशीच."

आईला हे पटेना. ती म्हणाली, "आमी मेंढराच्या कानाला खूण करतो ती हरवू न्हाय म्हणून. सांजच्याला घरी यावी म्हणून करतो." अनुबाईंनी ब्रश पिळला, बाही खाली घेतली आणि आईच्या हातावरच्या विंचवावरून बोट फिरवलं.

मी तेवढ्यात तो आकडा वाचून घेतला होता. डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, आधी एक इंग्रजी अक्षर आणि मग आकडे, निळसर, फिकट झालेले. मला दुःख वगैरे काही झालं नाही, ते नंतर. पहिला विचार आला तो असा की ज्यानं हे काढलं त्याला काढता येत नव्हतं. ओळ उतरती होती, दोन आकड्यांत अंतर सारखं नव्हतं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. दुसऱ्या कोणी असं बोललं असतं तर हाकलून दिलं असतं. अनुबाई हसल्या. "बरोबर. घाई होती तिला. रांग मोठी होती." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मला वाटतं त्यांनी आमच्या भागात दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं. पोलंडमधल्या छावणीत आगगाडीतून उतरवल्यावर फलाटावर दोन रांगा केल्या. त्या एका रांगेत, आई दुसऱ्या. धाकटी बहीण त्यांचा हात धरून होती, ती हात सोडून आईकडे गेली. त्या रांगेतलं कोणी परत दिसलं नाही. पुढे एकदा कोणीतरी विचारलं, अक्षरं कोणाला काढता येतात? वडिलांचा छापखाना होता, अनुबाईंनी हात वर केला. मग त्या छावणीत पाट्या रंगवायच्या. दारांवरचे नंबर, पेट्यांवरचे नंबर. "आकडे सरळ आली की उद्या पण काम. म्हणून मी वाचली. मी पण आकडेवाली आहे, तुझ्यासारखी. त्या दिवशी म्हणून थांबली."

रांगेत त्या कधी उभ्या राहायच्या नाहीत. पोस्टात, बँकेत, एस.टी.च्या खिडकीवर मला पाठवायच्या. का ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या लोकांचं एक आवडतं वाक्य आहे, आम्हाला काय माहीत. दाजींनीही पुढे ते वापरलं. गावच्या माणसाला काय माहीत, पोलंड कुठं आणि हिटलर कोण. ठीक आहे, त्यांना नसेल. मला माहीत होतं. फलाट माहीत होता, बहीण माहीत होती, रांग माहीत होती. हे सगळं पोटात घेऊन मी बारामतीला गेलो आणि पानाच्या टपरीवर दाजींना सांगितलं.

दाजी तेव्हा मटक्याच्या चिठ्ठ्या लिहायचे. मटका म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं. लोक एखादा आकडा किंवा दोन आकड्यांची जोडी लावायचे, मुंबईहून फोनवर निकाल यायचा. जोडी मिळवण्यासाठी माणसं काय वाटेल ते करायची. स्वप्नातून आकडा काढायची, उलटलेल्या ट्रकच्या पाटीवरून काढायची, एखादा वेडा बरळत बसला की त्याच्यापुढे वही घेऊन बसायची. संध्याकाळची वेळ, टपरीपुढे नेहमीची मंडळी. दाजी मला टोचत होते.

"काय पेंटर, मडमेची चाकरी कशी काय हाय? पाय दाबाय लावती का न्हाय?"

"चाकरी न्हाय दाजी. शिकतोय."

"काय शिकतुयास? चिखल काडाय? आरं चिखलच काडायचा तर आपल्या रानात काड की, भाव तरी यील."

सगळे हसले. मला राग आला. माझी बाई कोण आहे हे यांना दाखवावं असं वाटलं. मला आतापर्यंत वाटायचं की तो राग चांगला होता, अनुबाईंच्या बाजूनं होता. नव्हता. मला मोठं व्हायचं होतं, त्यांच्या जिवावर. मी फलाट सांगितला, छावणी सांगितली, हातावरचा आकडा सांगितला. मंडळी गप्प झाली आणि मला ती शांतता आवडली. मग दाजींनी पानाची पिंक टाकून विचारलं, "आकडा काय हाय?"

एवढं ऐकून माणसानं हा प्रश्न विचारला. आणि मी, ज्याला आकड्यांचा माज, मी तो घडाघडा सांगितला. तो इथं लिहिणार नाही. एकदा सांगितला तेवढा पुरे.

"मराण बगून आल्याला आकडा हाय," दाजी मंडळींना म्हणाले. "मेली न्हाय म्हातारी. म्हंजी आकड्यात जोर हाय." शेवटच्या दोन आकड्यांची जोडी त्यांनी लावली. मंडळींनी लावली. मीही लावली. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली. मी गंमत म्हणून लावली असंही लिहिणार नाही. लागावी म्हणून लावली.

ती लागली.

पैसे मिळाले त्यातून मी पुण्याला जाऊन अनुबाईंसाठी निळ्या रंगाची मोठी ट्यूब आणली, त्या जपून जपून वापरायच्या तोच निळा. त्यांना सांगितलं, एका मोठ्या बोर्डाचे आले. त्यांनी ट्यूब उघडून वास घेतला, माझ्या नाकाला निळं बोट लावलं आणि त्याच दिवशी आईच्या मामाच्या उंबऱ्यापुढचं पाणी रंगवायला घेतलं. त्या चित्राइतकं पाणी त्यांनी कधी आनंदानं रंगवलं नसेल. मी शेजारी बसून खिळे सरळ करत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. मला झोप लागत होती, भूक लागत होती.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. लोणी भापकरचा एक जण उसाच्या ट्रॉलीवर ऐकून आला, वडगाव निंबाळकरहून जीप भरून आली. त्या दिवशी मी लुनाच्या मागे चौकटी बांधून टेकाडावर चाललो होतो. वाटेतच मोटरसायकली लावलेल्या दिसल्या. मला वाटलं, बाईंना काही झालं. वर गेलो तर फाटकापासून त्यांच्या दारापर्यंत रांग. बायका-माणसं, हातात नारळ, कोणाकडे लाडवाचा डबा, एकानं पोराला खांद्यावर बसवलेलं. आणि दाजी रांगेच्या कडेनं फिरत होते. "एकाला एक चिटकून या. ढकलायचं न्हाय. म्हातारं माणूस हाय, तरास द्यायचा न्हाय. बगायचं आन् म्होरं सरकायचं."

ती माणसं वाईट नव्हती. हे मी त्यांना माफ करायला म्हणत नाही. वाईट नसलेली माणसं काय करतात ते लिहून ठेवायचं आहे म्हणून म्हणतो. ती पाया पडत होती. "आई, येक डाव दाव," म्हणत होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी हसलं नाही. रांग अगदी शिस्तीत होती. इतकी शिस्त आमच्या लोकांना रेशनच्या दुकानात जमत नाही.

अनुबाई दारात उभ्या होत्या. मी आरडाओरडा करीन, लोकांना हाकलीन, असं आता मनातल्या मनात हजारदा केलंय. तेव्हा जागचा हललो नाही. दाजी त्यांच्याजवळ गेले, नमस्कार केला, म्हणाले, "मावशी, राग मानू नगा, तेवढी बाही वर घ्या." आणि दाजींना हात लावावा लागला नाही. अनुबाईंनी स्वतः बाही वर घेतली, डावा हात सरळ पुढे केला, तळवा खाली, आणि मान दुसरीकडे वळवली. कसं उभं राहायचं ते त्यांना येत होतं. कोणीतरी ते त्यांना वयाच्या विशीत शिकवलेलं होतं आणि आम्ही त्यांच्याकडून ते पुन्हा करून घेत होतो, पाण्याकाठी, नारळ देऊन.

पुढच्या माणसाला नीट दिसेना. त्यानं बोट थुंकीनं ओलं करून त्यांच्या हातावर चोळलं. "ह्यो सातच हाय ना?" मागचा म्हणाला, "मला येक वाटतुय." "येकाला असलं डोस्कं असतंय व्हय?" वाद वाढला, रांग अडली. तेवढ्यात कोणीतरी मला बघितलं. "ए पेंटर, हिकडं ये की. तू नंबरवाला. तू वाच, मिटवून टाक एकदाचं." सगळ्यांनी मला वाट करून दिली. अनुबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हाच कळलं असणार की हे कोणामुळे. मला वाटलं, सांगून टाकावं म्हणजे लोक जातील. खरंच एवढंच वाटलं. मी हातावर वाकलो, पाटी तपासावी तसा, आणि म्हणालो, "सात."

"सात नाही," अनुबाई म्हणाल्या. "एक. आमच्याकडे एक असा काढते."

आवाज चढवला नाही. शाळेत चूक सुधारावी तसं. तिकडे एकाला वरून एक तिरकी रेघ खाली ओढतात, त्यामुळे तो आपल्याला सातासारखा दिसतो, आणि त्यांचा सात असतो त्याच्या पोटात आडवी रेघ असते. मला हे माहीत नव्हतं. जिल्ह्यात माझ्यासारखे आकडे कोणी काढत नाही म्हणणाऱ्याला हे माहीत नव्हतं. जो लागला, ज्याच्यावर ही सगळी रांग उभी होती, तो त्यांचा आकडा नव्हताच.

आता तरी लाज वाटेल, असं मला वाटलं. दाजींनी कपाळ खाजवलं. "मंग परवा लागला त्यो कुणाचा?" म्हणाले. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मागून आवाज आला, "आरं म्हंजी येकवाला आजून लागायचा हाय." हे मात्र सगळ्यांना पटलं. लोक पाया पडले, नारळ उंबऱ्यावर ठेवले आणि घाईनं मोटरसायकलीकडे निघाले, चिठ्ठी लावायची वेळ टळू नये म्हणून. रांग मोडली. एकवाला कधी लागला नाही. पुढे आठवडाभर टपरीवर लोक बोलत होते की म्हातारी आटली. दाजींच्या कपाळावरची आठी तेव्हा मी पहिल्यांदा बघितली, आणि ती धंदा बुडाल्याची होती.

सगळे गेल्यावर अनुबाईंनी साबणानं हात धुतला. मग आत जाऊन ती निळी ट्यूब आणली, अर्धी वापरलेली, खालून व्यवस्थित गुंडाळत आणलेली, आणि माझ्या हातात दिली. "मोठा बोर्ड," एवढंच म्हणाल्या. आत चित्रावरचं पाणी त्यांनी पात्यानं खरवडलं. मी दारात उभा राहून तो आवाज ऐकला. कोरडी भाकरी तव्यावरून सोडवताना येतो तसा आवाज.

त्याच आठवड्यात त्यांची विद्यार्थिनी गाडी घेऊन आली आणि त्यांना मुंबईला घेऊन गेली. ते खरवडलेलं चित्र त्यांनी आईला दिलं. तेव्हापासून ते आमच्या घरात आहे, दारासमोरच्या भिंतीवर : उंबरा, त्याचा तुटका कोपरा आणि पुढे पाण्याच्या जागी नुसतं कापड. प्रदर्शनवाले ते मागायला आले होते. मी दिलं नाही. लोक विचारतील, पाणी का नाही, आणि दाजी काहीतरी उत्तर देतील. आईला मी खरं कधी सांगितलं नाही. तिला कळलेलं होतं. त्यानंतर मटक्याचं नाव निघालं की ती ताट सरकवून उठायची, आणि माझ्याशी बोलताना हातावरचं गोंदण पदराखाली घ्यायची.

मी एकदाच मुंबईला गेलो. मधे दोन-तीन वर्षं गेली होती. आईनं भाकऱ्या आणि लोण्याचा डबा दिला होता. गाडीत मी काय म्हणायचं ते ठरवत गेलो. 'बाई, माझं चुकलं' हे फार हलकं वाटलं. कोणाला बूट लागला तरी आपण चुकलं म्हणतो. 'मला माफ करा' म्हटलं तर त्यांना काहीतरी द्यावं लागणार, आणि आधीच आम्ही त्यांच्याकडून पुष्कळ घेतलेलं. शेवटी ठरवलं, जे केलं ते सगळं त्यांच्यापुढे सांगायचं. जोडी मी पण लावली हे सांगायचं. मग त्या काय म्हणतील ते.

अनुबाईंनी दार उघडलं, फार वाळल्या होत्या. "अरे, पेंटर आली," म्हणाल्या. आईची चौकशी केली, मेंढ्यांची केली, यंदा पाणी किती उतरलं ते विचारलं. उभ्या उभ्याच भाकरीला कडेपर्यंत लोणी लावलं. मी तोंड उघडायचो आणि त्या दुसरं काही विचारायच्या. मग म्हणाल्या, "आली आहे तर एक काम कर. दारावरचा नंबर पुसली आहे. पोस्टमन रोज शेजारी जाते."

मला आनंद झाला. त्या नंबरात एक होता. मी चुन्यानं आखलं, काठी टेकवली, आणि तो एक मी त्यांच्याकडे काढतात तसा काढला, वरून तिरकी रेघ ओढून. जीव ओतून काढला. तोंडानं जे निघत नव्हतं ते यातून त्यांना कळेल असं मला वाटत होतं. त्या बाहेर आल्या, चश्मा लावला, थोडा वेळ बघितलं.

"सात वाटते," म्हणाल्या. "पोस्टमन चुकेल. तुमच्यासारखा काढ, सरळ."

मी पुसला आणि सरळ काढला. एक उभी रेघ. आता सांगायचं म्हणून ब्रश खाली ठेवला, हात पुसले, आणि "बाई, मी त्या दिवशी" एवढं म्हणालो.

त्या दाराकडेच बघत होत्या. "रंग ओला आहे," म्हणाल्या. "हात लावू नको."

मी लावला नाही. पिशवी उचलली आणि जिना उतरलो. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्याचं कळलं. वाक्य अजून तिथंच आहे, 'बाई, मी त्या दिवशी'.